‘इतर नावे’चा रकाना

वाचनालयाचा संग्रह कोणत्या सॉफ्टवेअरवर ठेवायचा, या प्रश्नावर अमरावतीच्या त्या जुन्या वाचनालयाची समिती इतक्या वेळा बसली होती, की चहा आणणाऱ्यालाही दोन्ही पर्याय तोंडपाठ झाले होते. जुनी साप्ताहिकं, फोटो, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या मुलाखती, सगळं कॉम्प्युटरवर चढून तयार होतं. ते लोकांपुढे ठेवायचं कशातून, इथेच घोडं पेंड खात होतं.

अध्यक्ष हेमचंद्र वकिलांना एका कंपनीचं तयार सॉफ्टवेअर हवं होतं. दिसायला देखणं आणि सांभाळायला कंपनीची माणसं. ग्रंथपाल चारुताला दुसरं हवं होतं, कुणालाही मोफत वापरता येणारं. ते ओबडधोबड होतं, बिघडलं तर आपलं आपणच निस्तरायचं. पण त्यात प्रत्येक नोंदीत हवे तितके रकाने वाढवता येत. “इतके रकाने घेऊन करायचंय काय?” वकील विचारत. चारुताला याचं चोख उत्तर सुचत नसे आणि त्याचाच तिला राग येई.

खरं म्हणजे तिच्या डोक्यात एकच बाई होती, बाळापूरच्या सुंदराबाई. त्यांचे यजमान पुंजाजी अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये उभा जन्म राबले. मागच्या हिवाळ्यात चारुताने त्यांची मुलाखत घेतली आणि उन्हाळा लागायच्या आत ते गेले. त्यांचा नातू अनुप अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात होता. त्याने फोन केला. “मॅडम, आजी आबाचा आवाज मागून राहिली. दुसरं काई मागत नाई.”

चारुताने मुलाखत सुंदराबाईंच्या मोबाइलवर दोनदा पाठवली. दोन्ही वेळा ती सुप्रभातच्या फुलांच्या मेसेजखाली गाडली गेली. सुंदराबाईंना वाचता येत नव्हतं. माइकचं चित्र दाबून बोलायचं, एवढं अनुपने त्यांना शिकवलं होतं आणि त्यावर त्या गाणी शोधून ऐकत.

चारुताने हे वकिलांना सांगितलं. “मग दोन्ही सॉफ्टवेअर त्यांच्याकडेच तपासू. प्रत्यक्ष साक्ष झाली की वाद मिटला,” वकील म्हणाले. चाचणीपुरता संग्रह दोन्हींवर चढवलेला होताच. रविवारी स्वतःच्या गाडीत चारुताला घेऊन ते बाळापूरला निघाले. माणूस हट्टी होता, पण कोत्या मनाचा नव्हता.

सुंदराबाईंनी आधी चहा पाजला. मग सुट्टीवर आलेल्या अनुपने कंपनीच्या सॉफ्टवेअरचं शोधायचं पान उघडून मोबाइल त्यांच्या हातात दिला.

“नाव सांगा, आजी,” चारुता म्हणाली.

सुंदराबाईंनी मोबाइल तोंडाशी नेला. मग खाली घेतला. डोक्यावरचा पदर सारखा करून पुन्हा तोंडाशी नेला. पुन्हा खाली घेतला.

“यजमानांचं नाव घ्या, बाई. स्पष्ट,” वकील म्हणाले.

“आमी नाव नाई घेत.”

वकील अवघडले. “पण आता ते…”

“ते गेले. मी तं हाओ ना.”

चारुताची मान खाली गेली. राजापेठेतली तिची स्वतःची आजी जन्मभर आजोबांना ‘हे’ म्हणत आली होती. नाव निघायचं ते हळदीकुंकवाच्या उखाण्यात. आणि ही शिकलेली नात प्रत्येक नोंदीत नाव, गाव, साल भरून खूश झाली होती. जिला सगळ्यात जास्त शोधायचं होतं, त्या सुंदराबाईंच्याच तोंडावर तिने दार लावलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

“आन इकडं, मी बोलतो,” अनुपने हात पुढे केला.

सुंदराबाईंनी मोबाइल सोडला नाही. “तू रोज असतं का इथं?”

“आजी, मग तुम्ही त्यांना म्हणता काय?” चारुताने विचारलं.

“देवरावचा बाप.” देवराव म्हणजे अनुपचे वडील.

चारुताने लॅपटॉप उघडला. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये नावाला एकच चौकट होती. दुसरी हवी तर कंपनीला कळवायचं आणि वाट बघायची. तिने दुसरं उघडलं. पुंजाजींच्या नोंदीत एक रकाना वाढवला, ‘इतर नावे’, आणि त्यात लिहिलं, देवरावचा बाप. वकील चष्मा कपाळावर चढवून बघत होते. रकाने कशासाठी, हे त्यांना समोरच दिसत होतं.

अनुपने मोबाइलवरही ते दुसरं पान उघडून दिलं आणि सुंदराबाई माइकमध्ये बोलल्या. मोबाइल जरा अडखळला. अनुपने समोर आलेल्या आजोबांच्या फोटोवर आजीचं बोट टेकवलं, आणि पुंजाजी खाकरले.

मग त्यांचं बोलणं सुरू झालं. कापसाच्या गाठी, भोंगा, नाकातोंडात जाणारी रुई. सुंदराबाई डोळे मिटून ऐकत होत्या. मधेच चारुताचा आवाज आला, “घरी कोण कोण?” आणि पुंजाजी म्हणाले, “पोरगा हाये, नातू हाये. आन सुंदरा हाये. सुंदरा नसती तं मी कवाच संपलो असतो.”

सुंदराबाईंनी डोळे उघडले. “काय म्हनले?”

अनुपने मागे नेऊन पुन्हा लावलं.

“माह्यं नाव घेतलं,” त्या म्हणाल्या. “जलमभर मले ‘आइकलं का’ म्हनत. लोकायपुढं नाव घेतलं त्यायनं.” आणि त्या रडू लागल्या. वकील दाराबाहेर बघत राहिले. चारुताच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं.

बऱ्याच वेळाने सुंदराबाईंनी पदराने तोंड पुसलं. “हे साऱ्यायले आइकू जाईन का?”

“तुम्ही हो म्हणालात तरच, आजी.”

“जाऊ द्या.”

“मग त्यांच्या नोंदीत तुमचंही नाव घालते. काय लिहू?”

अनुप सांगायला गेला. त्यांनी हाताने त्याला थांबवलं.

“मी सांगतो. त्यायनं माह्यं घेतलं, आता मले घ्या लागते.” भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि मग चारुताकडे वळून स्पष्ट म्हणाल्या, “लिवा. सुंदरा पुंजाजी.”