दुसरा पंच

सरकारी वकीलबाईंनी पंचनामा बॉयलर निरीक्षकांपुढे सरकवला आणि सहीच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवले.

"साहेब, कलम म्हणतं, तपासणी दोन पंचांसमोर केलीच पाहिजे. तुमचा एकच. दुसरा?"

"आलाच नाही. दाब चढत होता. त्याची वाट बघत बसलो असतो, तर पंचनामा लिहायला कोणी उरलं नसतं."

"मग कोर्टात एवढंच म्हणा, की ही अट नुसती मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही. नाहीतर तुम्ही बॉयलरला ठोकलेलं सील आज निघेल आणि उद्या कारखान्याचा मालक तो पेटवील."

निरीक्षकांनी चष्मा काढून सावकाश पुसला. बत्तीस वर्षे त्यांनी एकेका सहीसाठी भल्याभल्यांचे कागद परत पाठवले होते. साहेबांच्या टेबलावरून स्वल्पविरामसुद्धा परवान्याशिवाय हलत नाही, असे कचेरीतले लोक म्हणत. पण बॉयलरच्या भेगेतून फुसफुसणारी वाफ त्यांनी या डोळ्यांनी पाहिली होती. आणि बॉयलरखोलीच्या भिंतीपलीकडेच चाळीस बाया शिवणयंत्रांवर बसत.

कोर्टात मालकाच्या वकिलांनी तासभर किल्ला लढवला. "'केलीच पाहिजे' म्हणजे केलीच पाहिजे, महोदय! तिथे सवलतीला जागा नाही. तपासणी रद्द, म्हणून सीलही रद्द."

"शब्द सक्तीचा असला, तरी अट कशासाठी घातली तेही बघावं लागतं," न्यायाधीश म्हणाले. "निरीक्षक, दुसरा पंच कशासाठी?"

"माझ्यासारख्याने खोटं लिहू नये म्हणून."

"म्हणजे बंधनकारक?"

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले.

"बंधनकारक. चूक माझी." निरीक्षकांनी कठडा घट्ट धरला. "पण भेग काही पळून गेलेली नाही, महोदय. सील आहे तसं राहू द्या. उद्या सकाळी दोन पंचांसमोर पुन्हा तपासतो, कलमाबरहुकूम."

न्यायाधीश मालकाच्या वकिलांकडे वळले. "तुमचं म्हणणं तर हेच होतं. हरकत आहे?"

मालकाने मागून वकिलांचा कोट ओढला. कुजबुज बरीच लांबली.

"महोदय," वकील घसा खाकरत म्हणाले, "इतक्या काटेकोरपणाची... तशी आवश्यकता..."

न्यायाधीशांनी उद्याची वेळ लिहिली. मागच्या बाकावरून शिवणखात्यातल्या दोघी ताडकन उठल्या.

"आम्ही येतो की पंच म्हणून!"

"बसा, ताई," निरीक्षक म्हणाले. "कारखान्याबाहेरचे हवेत. कलमात तसंच आहे."