पहिल्या दहाच नोंदी

दया करायला आलेला माणूस मला दारातूनच कळतो. तो ओरडून बोलतो. मला चौथ्या वर्षापासून दिसत नाही, पण कान ठणठणीत आहेत आणि त्या कानांवरच माझं पोट चालतं, हे या शहाण्यांना कोण सांगणार? त्या सोमवारी कंपनीचा डिझायनर आमच्या ऑफिसात शिरला तो उंबरठ्यावरूनच गरजला, "नमस्कार मॅडम! मी! आलो! आहे!" आलास तर आलास बाबा, दवंडी कशाला पिटतोस?

पण तो का आला, ते आधी सांगायला हवं.

एकवीस वर्षं मी एका वकिलांकडे शोधाचं काम करते. कोर्टात उभे राहून बोलतात ते आमचे सर. पण अशाच एखाद्या खटल्यात पूर्वी कुठल्या न्यायाधीशाने काय म्हटलं होतं, ती जुनी जजमेंट हुडकून सरांच्या हातात ठेवते ती मी. हल्ली सगळं इंटरनेटवर असतं. माझ्या कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर आहे, पडद्यावरचं अक्षर न् अक्षर बोलून दाखवणारा. मी त्याला बडबड्या म्हणते. तो ज्या वेगाने बोलतो ते ऐकून आमचा ज्युनिअर वकील एकदा म्हणाला, "ताई, हा मिक्सर कसला लावलाय?" मी म्हटलं, "तुझं एक पान होतं तोवर माझी चार होतात, आणि तुझ्या त्या एकातलं संध्याकाळी तुला काही आठवत नाही." पुन्हा बोलला नाही.

जजमेंट शोधायला आम्ही एका कंपनीची वेबसाइट वापरतो. अडीच वर्षांपूर्वी कंपनीने तिला नटवलं. म्हणजे काय केलं, तर बटणांवरची नावं पुसून तिथे चित्रं टाकली. डोळसांना म्हणे फार छान वाटतं. माझ्या कानात बडबड्या नुसता "बटण, बटण, बटण" करत सुटला. कुठल्या बटणाने साल निवडायचं आणि कुठल्याने कोर्ट, काही कळेना. मी तक्रारींचा भडिमार केला, तेव्हा चार महिन्यांनी पानाच्या वरच्या कोपऱ्यात एक लिंक उगवली, 'सुलभ आवृत्ती'. उघडली तर साधं सरळ पान. शब्द टाका, बटण दाबा, खाली यादी. कधी चार नोंदी, कधी सात, कधी दहा. सगळ्या नीट वाचल्या जायच्या. मी इतकी हरखले की आभाराचं पत्र पाठवलं! त्यातलं एक वाक्य कंपनीने जाहिरातीत छापलं. आठवलं की अजून स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते. दोन वर्षांत अकरावी नोंद एकदाही आली नाही, हे माझ्यासारखीच्या लक्षात येऊ नये? मला वाटलं, नवं यंत्र हुशार आहे, निवडून पाखडून देतंय.

आमच्या एक अशील बाई होत्या. बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला. सात वर्षं हंगामी म्हणून राबवून घेतलं आणि एक दिवस मोबाइलवर संदेश आला, उद्यापासून येऊ नका. चौकशी नाही, नोटीस नाही. खटल्याचा निकाल लागेपर्यंत तरी नोकरी राहावी म्हणून सरांनी स्टे मागितला होता. गेल्या मंगळवारी कारखान्याच्या वकिलाने एक जजमेंट पुढे केलं, हंगामी कामगाराला चौकशीशिवाय काढता येतं असं सांगणारं. न्यायाधीशांनी सरांना विचारलं, "याच्या उलट तुमच्याकडे काही आहे?" सरांच्या हातात मी दिलेली दहा जजमेंट. त्यात याच्या उलटही काही नव्हतं आणि हेही नव्हतं. "पुढच्या मंगळवारी घेऊन या," न्यायाधीश म्हणाले, "नाहीतर अर्ज फेटाळतो."

बाहेर आल्यावर सर त्या बाईंना हळूच म्हणाले, "आमच्याकडे शोधायला ज्या आहेत ना, त्यांना दिसत नाही हो. सुटलं असेल काहीतरी." मी दोन हातांच्या अंतरावर बाकावर बसले होते! दिसत नाही म्हणजे ऐकूही येत नाही, हा शोध आमच्या सरांनाही लागलेला होता तर.

संध्याकाळी त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "आता तुम्ही फोनचं बघत जा. दगदग नको. शोधायचं ज्युनिअर करेल." मागच्या वर्षी याच ज्युनिअरने रद्द झालेलं जजमेंट कोर्टात दिलं होतं. तेव्हा सरांनी त्याला पंधरा मिनिटं फैलावर घेतलं आणि सोळाव्या मिनिटाला पुढची फाइल दिली. माझ्यावर ओरडले असते तर मीही चार शब्द सुनावले असते. पाठीवरच्या हाताला काय सुनावणार? घरी येईपर्यंत मी दातओठ खात होते.

घरी मी आणि नणंद. नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. नणंद शिवणकाम करते, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, आणि जिभेला तिच्या कात्रीपेक्षा जास्त धार. कारखान्याच्या वकिलाला सापडलेलं मला का सापडलं नाही, हे डोक्यातून जाईना. बुधवारी संध्याकाळी मी तिला हाक मारली.

"वन्सं, मशीन थांबवा आणि इकडे या."

"आता कोणाचा खून झाला?"

"माझा. ही वेबसाइट तुमच्या मोबाइलवर उघडा. सुलभ आवृत्ती नाही, सगळं जग वापरतं ते पान. मी सांगते ते शब्द टाका. किती नोंदी आल्या?"

"तीनशे बारा."

"नीट बघा."

"अगं बाई, सुईत दोरा मी अजून चष्म्याशिवाय ओवते. तीन, एक, दोन. तीनशे बारा!"

तेच शब्द मी माझ्या लॅपटॉपवर टाकले. बडबड्या शांतपणे म्हणाला, "दहा नोंदी." दहापैकी दहा नाही, तीनशे बारापैकी दहा नाही, पुढचं पान नाही. नुसत्या दहा. नणंद खाली खाली सरकवत गेली. कारखान्याच्या वकिलाने दाखवलेलं जजमेंट तेविसाव्या नंबरवर होतं.

"म्हणजे दुकानदाराने मूठभर दिलं, पोतं मागे लपवलं आणि वर म्हणाला, संपलं?" नणंद म्हणाली. "मुडदा बसवला त्याचा!"

मी रडले. रागाने रडले, पण रडले. मग तोंड धुतलं.

गुरुवारी सकाळी सरांसमोर दोन्ही पानं ठेवली. मग त्यांनी कंपनीला फोन लावला आणि असा काही झाडला की शेजारच्या ऑफिसातलं बोलणं थांबलं. सोमवारी माणूस पाठवतो, असं कंपनीने कबूल केलं. शोधाचं काम परत द्यायचं मात्र सरांना सुचलं नाही, आणि मागायला माझी जीभ रेटेना. फोन तर फोन! दोन फोनांच्या मध्ये मी तक्रार लिहायला घेतली. दोन वर्षांतले चाळीस जुने शोध काढले. ऑफिसातल्या टायपिस्टबाईंकडून सगळं जग वापरतं त्या पानावरचे आकडे वाचून घेतले, आणि प्रत्येक वेळी किती नोंदी माझ्यापासून लपवल्या ते मांडलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवारी घरी. नऊ पानं झाली. अशी झणझणीत की वाचणाऱ्याच्या नाकातून धूर निघावा.

तर सोमवारी हा गरजत आला. मी उठले तशी त्याने माझं कोपर पकडलं आणि मला माझ्याच खुर्चीत बसवलं. एकवीस वर्षं मी त्या खुर्चीत कशी काय पोचत होते कोण जाणे! मग सरांना विचारतो, "मॅडमना चहा चालतो का?"

"मॅडमना तोंड आहे," मी म्हटलं. "आणि त्याच तोंडाने विचारते, दहा कुठून आले?"

"दहा म्हणजे?"

"तीनशे बारा नोंदी असताना मला दहा द्यायच्या, हे कोणी ठरवलं?"

तो खूश झाला. खरंच खूश झाला! कोणीतरी त्याच्या कामाबद्दल विचारत होतं ना. म्हणाला, "मॅडम, आम्ही अंदाजाने नाही केलं हं. रीतसर चाचणी घेतली. आमच्या टीममधले आठ जण, डोळ्यांना पट्टी बांधून, अर्धा तास! तुमचं आयुष्य काय असतं ते आम्हाला जाणवलं. दोघांना तर भरून आलं. आठ-दहा नोंदींनंतर सगळे थकले. लक्षच लागेना. म्हणून ठरवलं की दहाच्या वर ओझं द्यायचं नाही."

"बोलण्याचा वेग किती ठेवला होता?"

"जो आधीपासून असतो तोच."

मी बडबड्याला त्या वेगावर आणलं. तो एकेक शब्द असा टाकू लागला, जणू दुखणाईताला औषध पाजतोय. मग माझ्या वेगावर आणला. खोलीत मिक्सर सुरू झाला. अर्ध्या मिनिटाने बंद केला आणि त्यात काय काय होतं ते घडाघडा सांगितलं, तारखांसकट.

"बाबा रे," मी म्हटलं, "पट्टी बांधून अर्धा तास धडपडलास, आणि आपण किती अडाणी आहोत ते मोजून माझ्या गळ्यात बांधलंस. थकलात तुम्ही आणि शिक्षा मला! एखाद्या न दिसणाऱ्या माणसाला का नाही बोलावलंत?"

तो गडबडला. "आम्हाला... म्हणजे... कोणाला उगाच त्रास द्यायचा नव्हता."

सर हसले, तुच्छतेने. मला ते हसूही आवडलं नाही. हे कोण लागून गेले हसणारे?

"बरं, मग वरती 'तीनशे बारापैकी दहा' एवढं तरी का नाही लिहिलं?"

"मोठा आकडा ऐकून दडपण येईल असं वाटलं."

काही मूर्खपणा इतका पूर्ण असतो की त्याला हात लावायला जागाच नसते. मी फक्त म्हटलं, "काढ ती मर्यादा. आत्ता, इथे बसून." त्याने ऑफिसला फोन लावला, कोणाला तरी एक आकडा बदलायला सांगितला. सहा मिनिटं लागली. दोन वर्षं माझ्या डोक्यावर बसलेली गोष्ट सहा मिनिटांत उठली! माझी नऊ पानं बगलेत मारून तो गेला. जाताना पुन्हा ओरडला, "येतो! मॅडम!"

सर घसा साफ करून म्हणाले, "चूक कंपनीची होती. तुमचं काम तुमच्याकडे."

"ते मी घेणारच. पण कोर्टाबाहेर तुम्ही त्या बाईंना काय म्हणालात, ते मी ऐकलंय, सर. त्यांना फोन लावा आणि माझ्यासमोर सांगा की माझ्या डोळ्यांमुळे काही सुटलं नाही."

बराच वेळ त्यांचं पेन टेबलावर वाजत राहिलं. मग त्यांनी फोन लावला, आवाज मोठा करून टेबलावर ठेवला, आणि सांगितलं. अडखळत, पण सगळं सांगितलं. दहाचं, बुधवारी मला कळलेल्या तीनशे बाराचं, माझ्या डोळ्यांबद्दल बोलायला नको होतं तेही. मी ताठ बसून ऐकलं. ऊर भरून आला होता माझा. एकवीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्यापुढे मान खाली घालत होतं.

बाई म्हणाल्या, "बरं. मला त्यातलं फार कळत नाही. पण साहेब, मग त्या उरलेल्या तीनशेमध्ये माझ्या बाजूचं काही निघालं का?"

सर म्हणाले, "ज्युनिअर बघतोय," आणि त्याला हाक मारली. तो दारातून म्हणाला, "पहिल्या दहा नोंदी बघितल्या सर, काही नाही." तीनशे बारा डोळ्यांसमोर असताना गड्याने दहाच वाचले होते! याला तर कोणी सुलभ आवृत्तीही दिली नव्हती. मी खवळून त्याच्यावर तोंड टाकणार, तोच बाई पुन्हा बोलल्या.

"आणि शोधणाऱ्या ताईंनी?"

बुधवारी संध्याकाळी तेविसाव्या नोंदीवर मी थांबले होते. तिथे माझी चूक नव्हती असं सिद्ध झालं, आणि पुढे बघायची मला गरजच वाटली नाही.

"नाही बघितलं," मी म्हटलं. "आत्ता बघते. फोन ठेवू नका."

"नाही ठेवत. उद्या अकराला तारीख आहे."

बडबड्या सुटला. एकसष्टाव्या नोंदीला मी थांबले, मागे गेले, पुन्हा ऐकलं. अकरा मिनिटं झाली होती. वरच्या कोर्टाचं जजमेंट, कारखान्याच्या वकिलाने दाखवलेल्या जजमेंटच्या नंतरचं. मी वेग अगदी कमी केला, फोनवर समजावं म्हणून. तीन वर्षांहून अधिक काळ सलग काम केलेल्या हंगामी कामगाराला चौकशीशिवाय काढता येणार नाही.

सरांनी खुर्ची मागे ढकलली आणि ज्युनिअरला प्रती काढायला पिटाळलं. फोनमधून बाईंनी विचारलं, "हे आधीपासून होतं तिथे?"

"सहा वर्षांपासून."

"माझ्या डोळ्याला डोळा नाही हो आठवडाभर. घरी सगळे माझ्या तोंडाकडे बघतात." त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं. "तुम्हाला बुधवारीच कळलं होतं ना ताई, की तीनशे आहेत? मग इतके दिवस तुम्ही काय करत होतात?"

"तक्रार लिहीत होते," मी म्हटलं.