पंक्चरच्या पाण्यातला चिमटा

जरा माझ्याबरोबर वर चढा. खाणीतून निघालेली माती टाकून टाकून दुमजली घराएवढा ढीग झाला आहे, आणि त्याच्या माथ्यावर तुम्ही सायकलीवर बसला आहात. सायकलीला मडगार्ड नाही, कॅरियर नाही, घंटीसुद्धा नाही. समोर उतार. उताराच्या शेवटी माती थापून केलेला उंचवटा, आणि उंचवट्याच्या पुढे काहीच नाही, नुसती हवा. तुम्ही सुटलात. कानात वारा भरला, चाकं जमिनीवरून उचलली गेली. आता सांगा, या घडीला तुम्हाला कोणी धरलं आहे? आईनं नाही, बापानं नाही. दोन लोखंडांनी धरलं आहे. एक सायकलीची फ्रेम आणि दुसरा पुढचं चाक पकडून ठेवणारा दोन पायांचा चिमटा. वर असताना त्यांचं काम पडत नाही. खाली येताना पडतं. आणि त्यातलं एखादं लोखंड आतून खोटं असेल, तर ते आधी सांगत नाही.

माजरीत सायकली दुरुस्त करणाऱ्या वहाबभाऊंना हे चित्र डोळ्यांपुढे आणावं लागत नसे, ते आपोआप येई. विशेषतः सोमाजी मच्छीवाल्याची दामिनी दुकानात आली की हमखास येई. आताही ती समोर उभी होती, तेरा वर्षांची, कोपराला ताजं खरचटलेलं.

"हे काय वं?"

"काई नाई चाचा. बाबाच्या सायकलीवर उडून पाह्यलं काल. कॅरियरच तुटून पडला." ती हसली. "म्हनून तं म्हनतो, मले उडाची सायकल करून द्या. टीव्हीवर दाखवते तशी. नवी नाई परवडत, जुन्या सामानाची करा."

वहाबभाऊंनी हातातला पाना खाली ठेवला. बापाच्या सायकलीवर! ती सायकल, तो उतार. पोरीला नाही म्हणून बघितलं होतं, रागावून बघितलं होतं. रविवारी ढिगावरून सगळी पोट्टी उडणार होती आणि ही त्यांच्यात असणारच होती. मग निदान तिच्याखालचं लोखंड तरी खरं असावं, म्हणून त्यांनी चंद्रपूरला जुन्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला असलेल्या आपल्या मुलाला, जिशानला, निरोप पाठवला होता. त्यानं आज दुपारच्या बसवर दोन फ्रेमी आणि एक चिमटा बांधून पाठवला होता.

दामिनीनं चंदेरी फ्रेम एका हातानं उचलली. "हे घेतो. हलकी आहे. त्या लालवाल्या फ्रेमीले तं म्हैस बांधून ठेवता येईन."

"हलकी कायले पाह्यजे तुले?"

"उंच जाईन ना मी."

"अन् खाली येशीन तवा?"

तिनं फ्रेम खाली ठेवली. वहाबभाऊ स्टूल ओढून तिच्याजवळ बसले. शिकवायला बसले की त्यांचा आवाज खाली येई. "जाळं फेकाच्या आधी तू काय करतेस?"

"बोटं फिरवतो. कुठी गाठ सुटली का पाह्यतो."

"डोळ्यानं नाई पाह्यत?"

"डोयाले काय समजते? जाळं ओलं असते."

"मंग डोळे मीट, अन् ही फ्रेम तशीच पाह्य."

दामिनीनं डोळे मिटले. तिचे हात वयापेक्षा मोठे होते. बापाचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसल्यामुळे नदीवर फेकजाळं तीच टाकत असे, नऊ-दहा वर्षांची असल्यापासून. तिची बोटं चंदेरी नळीवरून सावकाश सरकली आणि हँडलजवळच्या सांध्याखाली येऊन थांबली. मागे गेली, पुन्हा आली.

"इथी सुरकुती आहे चाचा."

"शाबास! ही फ्रेम कुठीतरी जोरात धडकली आहे. कोनीतरी वरून रंग मारला. पन लोखंडानं खाल्लेला मार रंगाखाली जागाच राह्यते." त्यांनी लाल फ्रेम दोरीला टांगली आणि पान्यानं तिला एक टोला दिला. देवळातल्या घंटेसारखा लांब आवाज निघाला. मग चंदेरीला दिला. ठक्. "ऐकलं?"

"एक बोलते. एक खोकलते."

वहाबभाऊ मनापासून हसले. क्षणभर भीती विसरले. लाल फ्रेम ठरली. जड, बुटकी, जाड पोलादाची, सांधे शाबूत.

मग चिमटा. जिशाननं पाठवलेला चिमटा धक्के झेलणाऱ्या शॉकपचा होता, लांब, चकचकीत, दोन्ही पायांत स्प्रिंगा. दामिनीचे डोळे त्यावरून हलेनात. वहाबभाऊंनी तो जमिनीवर उभा धरून दाबला. तो खट् करून खाली बसला आणि डावीकडे-उजवीकडे डुलू लागला.

"पाह्य, आतून झिजला. अन् एवढा लांब चिमटा लावला का सायकलीचं तोंड वर होते, वळवाले जड जाते. सैल कवळीवानी आहे हा. तोंडात आहे, पन चावता येत नाई."

"बाबाच्या दातावानी!" दामिनी खिदळली. "काल भाकर खाता खाता कवळीच ताटात पडली त्यायची. आई म्हने, आता भाकरीनंच तुमाले खाल्लं!"

वहाबभाऊंचा हात चिमट्यावरच राहिला. ते हसले नाहीत. ते उठले, हात पुसायला गेले आणि स्वच्छ हात पुन्हा पुन्हा पुसत राहिले.

"मंग तो?" मागून आवाज आला.

तिनं कुठे बोट दाखवलं आहे, हे बघायची त्यांना गरज नव्हती. दुकानाच्या मागच्या भिंतीवर, छपराला लागून, एका खिळ्यावर काळा चिमटा टांगलेला होता. साधा, सरळ, जाड पायांचा. नऊ वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता.

"तो नाई."

"काऊन? चांगला तं दिसते."

"नाई म्हटलं ना. उद्या जिशानले दुसरा पाठवाले सांगतो."

पण दामिनी स्टुलावर चढली होती. तिनं चिमटा काढला, फडक्यानं धूळ पुसली आणि डोळे मिटून बोटं फिरवली. मग डबीतलं रॉकेल घेऊन तिनं तो सगळा पुसून काढला, कोरडा केला आणि खडूचा चुरा चोळून बाजूला ठेवला. हे तिला वहाबभाऊंनीच शिकवलं होतं. लोखंडाला केसाएवढी भेग असली तरी आत शिरलेलं रॉकेल पाझरतं आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते.

दोघंही बघत बसले. बाहेरून कोळशाचा एक ट्रक गेला, दुकानाचा पत्रा थरथरला. रेघ उमटू नये असं वहाबभाऊंना वाटत होतं, आणि उमटावी असंही. उमटली असती तर काही बोलावं लागलं नसतं.

"कोरा आहे चाचा! एक रेघ नाई."

"तरी नाई."

"तुमीच तं सांगतलं होतं, खडू खोटं बोलत नाई म्हनून."

"खडू खोटं नाई बोलत बेटा. पन खडूले सगळंच नाई दिसत."

"मंग तुमाले काय दिसून राह्यलं? सांगा ना! नाई तं मी बाबाच्या सायकलीवरच उडतो रविवारी. कॅरियर तं गेलाच आहे, आता ते हलकी झाली."

तिनं ते सहज म्हटलं. पण वहाबभाऊंना पुन्हा तो उतार दिसला, आणि या वेळी उतारावर सोमाजी नव्हता, दामिनी होती. ते ऐरणीजवळ खाली बसले. ऐरणीच्या मागे हात घालून त्यांनी एक पोतं ओढलं. पोत्यावर नऊ वर्षांची काजळी होती. त्यांनी ते उघडलं आणि आतले दोन तुकडे जमिनीवर ठेवले.

दोन तुकडे मिळून एक चिमटा होता. तुटलेल्या तोंडाशी लोखंड खडेमिठासारखं दाणेदार दिसत होतं.

"हा अन् तो, दोन्ही एकाच दिवशी आगीत घातले मी," वहाबभाऊ म्हणाले. "वाकलेले होते. कोळशात लाल करून सरळ केले. आता आयक, हे शिकून ठेव. लाल लोखंडाले राखेत झोपू द्यावं लागते. संध्याकाळपर्यंत. आपलं आपलं थंड होऊ द्यावं लागते. माह्या उस्तादनं हेच सगळ्यात पहिले शिकवलं होतं. पन ते उन्हाळ्याचे दिवस. गिऱ्हाईक डोक्यावर उभं. त्याच्या टोपलीतून पानी गळून राह्यलं होतं, मच्छी खराब होऊन राह्यली होती, भद्रावतीचा बाजार निघून चालला होता. तो म्हने, हात चालवा भाऊ. मी लाल चिमटे उचलले, अन्..."

त्यांनी दाराजवळच्या घमेल्याकडे बघितलं. ट्यूबचं पंक्चर शोधायला त्यात पाणी भरून ठेवलेलं असे. आताही होतं.

"त्यात?" दामिनीनं विचारलं.

"त्यात. फस्स झालं. दोन मिनिटांत थंड. लोखंड कडक होते त्यानं, पन काचेवानी. खडू लावला, कोरा. काळा रंग मारला, त्यातला एक देऊन टाकला. वीस दिवसांनी तुटला. पुलाच्या उतारावर."

दामिनीनं एक तुकडा उचलला. अंगठ्यानं त्याच्यावरची काजळी पुसली. खाली निळा रंग होता. अजून पुसलं. निळ्या रंगाची बोटाएवढी मासोळी होती, वाकडी शेपटी असलेली. नदीवरच्या डोंग्याचा रंग उरला म्हणून सोमाजीनं त्या उन्हाळ्यात सायकलभर अशा मासोळ्या काढल्या होत्या. घरच्या सायकलीच्या फ्रेमवर त्या अजून होत्या. दामिनी त्याच मोजून अंक शिकली होती.

बाहेरून आणखी एक ट्रक गेला, घमेल्यातलं पाणी हललं.

"बाबा म्हनते, खड्डा होता."

"हो."

"सगळेच म्हनते, खड्डा होता."

"म्हनते. मी कोनाले म्हटलं नाई की खड्डा होता. नव्हता, असंही नाई म्हटलं." वहाबभाऊंना आपला आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "दवाखान्यात भेटाले गेलो तं तो मलेच म्हने, भाऊ, तुमचा चिमटा गेला माह्यामुळं. दुसरा लावून द्याल का?"

त्यांना वाटलं, आता ही उठेल आणि पळत घरी जाईल. घरी तिची आई कुंता चुलीपाशी असेल. मग संध्याकाळपर्यंत सगळी वस्ती दारात असेल. वाटलं, ती रडेल. वाटलं, तो तुकडा आपल्याला फेकून मारेल, आणि हे वाटल्यावर त्यांना थोडं बरंही वाटलं. पण दामिनी तुकड्याच्या दाणेदार तोंडावरून बोट फिरवत बसली होती, तुटलेल्या जाळ्यावरून फिरवावं तसं, कुठून सुरुवात झाली ते शोधत.

तुकडा खाली ठेवून ती म्हणाली, "मंग माह्या सायकलीले कोन्ता लावान?"

वहाबभाऊंनी दाराशी उभ्या असलेल्या आपल्या सायकलीकडे बोट केलं. जिशान शाळेत असताना घेतलेली, जाड टायरची. "तिचा काढतो. माह्यासमोर खोक्यातून निघाला तो. आग पाह्यली नाई त्यानं. धडक खाल्ली नाई. त्याचं सगळं मले माहीत आहे."

"तुमी घरी कसे जान?"

"पाय आहेत ना."

तिनं मान हलवली. मग तुकड्याकडे बघत विचारलं, "बाबाले?"

वहाबभाऊंनी वर बघितलं. भिंतीवरच्या घड्याळात चारला पाच मिनिटं कमी होती. चारला सोमाजी येत असे. बाजार आटोपला की रोज येत असे, नऊ वर्षं. पत्र्याच्या डब्यावर बसून दुकानातला अर्धा कप चहा पीत असे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे की वहाबभाऊच्या हातचं काम म्हणजे पक्कं काम. त्या एका वाक्याची वहाबभाऊंना कोळशाच्या ट्रकपेक्षा जास्त भीती वाटे.

"तू सांगशीन?" त्यांनी विचारलं. विचारल्यावर लाज वाटली.

दामिनीनं त्यांच्याकडे बघितलं. रागानं नाही. चंदेरी फ्रेमीवर सुरकुती सापडली तेव्हा बघितलं होतं तसंच काहीसं.

बाहेर ओळखीचा खोकला ऐकू आला. मग चपलेचा आवाज, एक पाय थोडा ओढत येणारा.

"काय गा वहाबभाऊ! पोट्टीनं परेशान करून सोडलं असन तुमाले. मी तिले म्हटलं, भाऊनं बनवून देल्ली तं आभायात उड, मले काय भेव नाई!" सोमाजी दारात वाकून आत आला. घामानं डबडबलेला, सैल कवळी सावरत हसणारा, उजवा हात नेहमीसारखा पोटाशी धरलेला. "चहा आहे का संपवला?"

दामिनी उठली. तिनं बापाचा पत्र्याचा डबा ओढला, फडक्यानं पुसला आणि रोजच्या जागी, दाराशी न ठेवता वहाबभाऊंच्या अगदी समोर ठेवला. दोन्ही तुकडे पोत्यात घातले. सोमाजी बसला, तशी ती दोघांच्या मधे खाली बसली आणि पोतं मांडीवर घेतलं.

"काय आहे वं त्या पोत्यात?" सोमाजीनं विचारलं.

तिनं पोत्याचं टोक उचललं आणि वहाबभाऊंच्या हातात दिलं.