‘टक’ होईचना!

मित्रांनो, मी एक जुना तेलाचा हीटर आहे. पोटात तेल, अंगाला पत्र्याच्या पट्ट्या आणि खाली चार चाके, त्यांतले एक कायम रुसलेले. खोली पुरेशी उबदार झाली की माझ्या आत ‘टक’ असा आवाज होतो आणि मी वीज घेणे थांबवतो. खोली गार झाली की पुन्हा कामाला लागतो. माझे शहाणपण एवढेच!

पूर्वी मी मधल्या खोलीत असे. थंडीत सगळे घर दार लावून माझ्याभोवती बसे. आजी-आजोबांचा पत्त्यांचा डाव चाले. ‘टक’ लवकर होई. “गुणी आहे हो!” असे आजी म्हणे आणि मला फार बरे वाटे.

मग आजी गेली. या हिवाळ्यात मला आजोबांच्या कोपऱ्यातल्या खोलीत ठेवले. खोली लहान, माणूस एक. म्हटले, आता आरामच आराम! पण छे! सकाळपासून तापतोय, तरी ‘टक’ होईचना. वीज दुप्पट लागू लागली. आजोबांच्या मुलाने सारे खापर माझ्यावर फोडले.

“म्हातारा झालाय हा. नुसती वीज खातो. देऊन टाकू भंगारात.”

ते ऐकून आजोबाच दचकले. मी तर पुरता गोंधळलो. तेल तेच, मीही तोच, मग बिघडले कुठे?

एका दुपारी सून आली. खोलीचे दार नेहमीसारखे सताड उघडे होते.

“बाबा, सगळी ऊब बाहेर जाते हो. मी दार लावते आणि तुम्ही पुन्हा उघडता. असं का करता?”

“राहू दे गं,” आजोबा खाली बघत म्हणाले. “लावलं की कुणाचाच आवाज येत नाही.”

सुनेचे डोळे भरून आले. तिने माझी वायर काढली. म्हटले, निघालो भंगारात! पण तिने मला ढकलत मधल्या खोलीत आणले. संध्याकाळी मुलाने आजोबांची कॉटही तिथेच आणली. एवढी मोठी खोली! माझा कसा निभाव लागणार? सगळे आत आले, दार लागले, नातीने पत्ते पिसले. आजोबांचा पहिला डाव संपायच्या आत ‘टक’!

मोठ्या खोलीत कमी वीज कशी लागली, हे मला अजून नीट उमगलेले नाही. बंद दारामुळे? की इतक्या माणसांच्या उबेमुळे? मित्रांनो, तुमचा हीटर फार वीज खाऊ लागला, तर त्याला नावे ठेवण्याआधी घरात कोणाचे दार उघडे आहे ते बघा. आणि ते का उघडे आहे, हेही विचारा.