तपासणीपुरता दांडा

त्या सकाळी तिच्या पडद्यावर एका दवाखान्याचा जिना होता. पायरी किती उंच, कठडा किती जाड, हे ती मिलिमीटरमध्ये ठरवत होती. इमारतींचे नकाशे काढायचं काम ती तेरा वर्षं घरी बसून करत होती, आणि तिने काढलेल्या एकाही इमारतीत ती गेलेली नव्हती. वय चौतीस. घरात तिला अजून बेबी म्हणत. लहानपणी तापात पाय गेले तेव्हा ती बेबीच होती. नंतर हाक बदलायचं कोणाला सुचलं नाही.

दादा खोलीत आला आणि म्हणाला, आवर, तासाभराचं काम आहे, तुला नुसतं बसायचंय.

काम नव्या गाडीचं होतं. अपंग माणसाच्या नावावर गाडी घेतली आणि तिला हाताने चालवायची जोडणी बसवली की कर माफ होतो. म्हणून गाडी बेबीच्या नावावर. तीन आठवड्यांपूर्वी दादा तिला माप द्यायला मिस्त्रींच्या गॅरेजात घेऊन गेला होता. जोडणी म्हणजे स्टिअरिंगखाली एक दांडा: पुढे ढकलला की ब्रेक, आपल्याकडे ओढला की वेग. मिस्त्रींनी तिच्या खांद्यापासून मुठीपर्यंत टेप धरली, मग स्प्रिंगचा काटा लावून तिला दांडा ढकलायला सांगितला. काटा बावीस किलोवर गेला. दादाने हसत स्वतः ढकलून पाहिला. एकोणीस.

"त्या रोज खुर्चीची चाकं फिरवतात," मिस्त्री म्हणाले. "तुम्ही काय फिरवता, रिमोट?"

निघताना दादा मिस्त्रींच्या कानाशी लागला. दोन बोल्टांत सुटेल असं बसवा, तपासणीपुरतंच आहे. मिस्त्रींनी मान हलवली. त्यांना हे नवं नव्हतं.

तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. गेले तीन आठवडे ती टेबलाच्या कडेला स्टीलची पट्टी धरून सराव करत होती, पुढे ब्रेक, मागे वेग. शिकाऊ परवान्याचा अर्ज तिने भरून ठेवला होता. पहिल्यांदा कुठे जायचं तेही ठरलं होतं: तिने नकाशा काढलेला पहिला दवाखाना, जिथल्या खुर्चीसाठीच्या उताराचा कोन तिने स्वतः ठरवला होता. अर्ज दाखवला तेव्हा दादा म्हणाला होता, बघू.

आरटीओच्या कार्यालयात तपासणी सात मिनिटांत आटोपली. दादाने तिला उचलून चालकाच्या सीटवर ठेवलं. तिथल्या साहेबांनी दांड्यावर हात ठेवायला सांगितला, फोटो काढला, कागदावर खूण केली. तिचं नाव त्यांनी दादाला विचारलं. मग तिला उचलून पुन्हा शेजारच्या सीटवर ठेवण्यात आलं आणि गाडी घराऐवजी गॅरेजकडे वळली.

तिथे दादाने तिला खुर्चीत बसवलं आणि खुर्ची भिंतीजवळ लावली. म्हणाला, एक सुटा भाग उतरवायचाय, पाच मिनिटं.

भिंतीवर ओळीने खिळे होते आणि त्यांना अकरा दांडे टांगलेले. प्रत्येकाला चिठ्ठी. मापं वाचायची तिला सवय होती. हा आखूड, म्हणजे हात लहान. हा डावीकडे वाकवलेला, म्हणजे उजवा हात चालत नसावा. एकाचाही रंग वापराने खरवडलेला नव्हता. बारावा खिळा रिकामा होता.

"हे कोणाचे?" तिने विचारलं.

मिस्त्री पाना पुसत राहिले. मग म्हणाले, तपासणी झाली की लोक काढून आणून देतात. हाताच्या मापाने केलेली वस्तू भंगारात टाकवत नाही.

"आणि हा खिळा माझा?"

दादाने समजूत घालायला सुरुवात केली. घरची गाडी आहे, पाहुणे बसतात, दांडा दिसला की प्रश्न विचारतात. चालवताना पायांत येतो तो वेगळाच. मिस्त्री मध्येच म्हणाले, पायाचे पेडल जसेच्या तसे आहेत, दांडा कोणाच्याच आड येत नाही.

"गाडी तशी दिसते," दादा म्हणाला.

"कशी?"

"तशी. बेबी, तुला काय कमी केलंय आम्ही? पाण्याचा ग्लाससुद्धा हातात आणून देतो. फुलासारखं जपतो."

"फुलदाणीतल्या," ती म्हणाली. "पाणी बदलता. जागा नाही बदलत."

जोडणी काढायची तर वहीत मालकाची सही लागते. अकरा वेळा मिस्त्रींनी ती वही कोणाच्या तरी बापापुढे, भावापुढे, नवऱ्यापुढे धरली होती. आज ती त्यांनी तिच्यापुढे धरली. दादाने हात पुढे केला, तर मिस्त्रींनी एवढंच विचारलं, गाडी कोणाच्या नावावर आहे?

तिने पेन घेतलं नाही.

"सुटणारच नाही असा बसवता येतो का?"

मिस्त्रींनी कप्प्यातून दोन बोल्ट काढले. ठरावीक ताणापर्यंत आवळले की यांचं डोकं तुटून पडतं, आणि मग पाना लावायला काही उरत नाही. दादा खुर्चीच्या मुठी धरून म्हणाला, पुरे झालं, घरी चल. तिने खुर्चीचा ब्रेक लावला.

मिस्त्रींनी जुने बोल्ट बदलले, गाडीच्या उघड्या दारापाशी तिला जागा करून दिली आणि लांब दांड्याचा पाना तिच्या हातात दिला. तिने जोर लावला. टक्. बोल्टाचं डोकं फरशीवर घरंगळत दादाच्या बुटापाशी गेलं. मग दुसरं.

"चिठ्ठ्यांवर पत्ते आहेत?" तिने विचारलं.

होते. मिस्त्री मान खाली घालून, ज्याचा त्याला परत पोचवायला, एकेक दांडा खिळ्यावरून उतरवू लागले.

घरी जाताना गाडी दादानेच चालवली, तिला अजून परवाना मिळायचा होता. दांडा त्याच्या गुडघ्याला एकदाही लागला नाही.

बाकीच्या अकरा गाड्या अजून दांड्याविनाच रस्त्यावर आहेत. ज्यांच्या नावावर त्या आहेत, ती माणसं घरात आहेत, फुलासारखी. तुम्ही त्यांतल्या एखाद्या गाडीतून फिरत असाल, तर समोरचा कप्पा उघडा, कागद काढा आणि त्यावरचं नाव एकदा मोठ्याने वाचा.