रामजन्माच्या पुढे धावलेले शब्द

या मित्रांनो, जरा पुढे सरकून बसा. मागच्यांनाही जागा द्या. आज मी तुम्हाला एका कीर्तनाची गोष्ट सांगणार आहे. ते मोडता मोडता कसं वाचलं, हे माझ्याइतकं जवळून कुणीच पाहिलेलं नाही.

मी एक जुना टॅब आहे. माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यात झाला. कंटेनरच्या अंधारात बसून मी न्हावा शेवा बंदरात उतरलो आणि दुकानाच्या काचेतून रेवदंड्याच्या अमिषाच्या हाती आलो. अमिषा तेव्हा बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. तिने माझ्यात एक अ‍ॅप घातलं. त्याची रीत अशी, की पुस्तकाचं पान दिसायचंच नाही. काचेच्या मधोमध एकच शब्द उमटायचा. तो पुसला की त्याच जागी दुसरा, मग तिसरा. डोळा हलवायचा नाही, शब्दांनीच यायचं आणि जायचं. मांडव्याहून सुटलेली बोट गेटवेला लागेपर्यंत तिचे धडेच्या धडे वाचून व्हायचे. मैत्रिणी म्हणायच्या, "वाचतेस की गिळतेस गं?" मला तेव्हा मोठा मान होता.

पुढे तिला नोकरी लागली, नवा फोन आला, आणि माझी रवानगी कपाटात रांगोळीच्या डब्यामागे झाली.

त्याच घरात अमिषाच्या सासूबाई, कोकिळाताई. रामनवमीच्या जन्मकीर्तनाला गावच्या देवळात त्याच उभ्या राहायच्या. काय त्यांचा गळा, मित्रांनो! कौसल्येचं सुख त्या गाऊ लागल्या की बाजारात भावावरून भांडणारी माणसंसुद्धा डोळे पुसायची. पण काचबिंदूने त्यांची नजर आकसली. नळीतून पाहावं तसा मधला ठिपका तेवढा दिसायचा. ओळ वाचायला जावं तर डोळा ओळीवरून निसटायचा. पदं पाठ होती, पण कुठल्यामागून कुठलं, हे मध्येमध्ये पाहिल्याशिवाय त्यांना धीर नसायचा.

देवस्थानचे हरेश्वरभाऊ घरी येऊन गेले. "ताई, वाईट वाटून घेऊ नका. यंदा जमलं न्हाय, तर पुढल्या साली स्पीकरवर रेकॉर्ड लावू. जन्म बाराच्या ठोक्याला झालाच पायजे."

ते गेल्यावर कोकिळाताई म्हणाल्या, "अमिषा, यंदा अडखळले, तर यापुढे मीच उभी राहणार नाही. देवापुढे फजिती नको."

अमिषाने मला शोधून काढलं. पुसलं, चार्जिंगला लावलं. आख्यानाचं डिजिटल पुस्तक माझ्यात भरलं आणि अक्षर मोठं केलं. काचेवर 'शरयू' हा शब्द उमटला. ताई पुढे झुकल्या.

"अगं, दिसतंय!" मग पुढचा शब्द. "हाही दिसतोय! मला शोधायला जावंच लागत नाही. शब्दच भेटायला येतोय."

वेग मंद ठेवून रोज तालीम झाली. घड्याळ लावून पाहिलं, रामजन्म बरोबर वेळेवर येत होता. एकच गोष्ट दोघींच्या ध्यानात आली नाही. घरी समोर श्रोते नव्हते.

रामनवमीला देऊळ भरलं. मला ताईंपुढे स्टुलावर ठेवलं. कीर्तन रंगलं, आणि रंगलं तेच अंगाशी आलं. लोक हसले, तशा ताई थांबल्या. नामाचा गजर उठला, तो उतरेचना. मूल नाही म्हणून झुरणारा दशरथ ऐकून गोदूबाई मासळीवाली हुंदके देऊ लागली. तिच्यासाठी ताईंनी चार शब्द जास्त सांगितले. माणसं थांबत होती, मी कसा थांबणार? मला थांब म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं. शब्द येत होते आणि न वाचताच पुसले जात होते.

ताईंनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. कौसल्येचे डोहाळे अजून गायचे होते, आणि माझ्या काचेवर पाळण्याची दोरी येऊन ठेपली होती. त्यांनी एक पद उचललं, सोडलं. दुसरं उचललं, सोडलं. तबला नुसताच वाजत राहिला.

हरेश्वरभाऊ उठले. "ताई, बारा वाजाय आलं! देव काय थांबनार हाय?"

"थांबेल रं!" गोदूबाई खालूनच ओरडली. "नऊ म्हयने थांबलाय, त्याला दोन मिंटं जड हायत व्हय? तू बस खाली!"

लोक हसले. ताई हसल्या नाहीत. चिपळ्या मुठीत घट्ट आवळून त्या एक पाऊल मागे सरल्या. आणखी एक पाऊल, की संपलंच, असं मला वाटलं.

तेवढ्यात बायकांमधून वाट काढत अमिषा आली आणि माझ्याजवळ गुडघ्यावर बसली. तिने माझं धावणं बंद केलं. शब्द मागे मागे नेत डोहाळ्यांपाशी आणले आणि असं करून ठेवलं, की बोट टेकलं तरच पुढचा शब्द यावा. पण तिचं बोट घामाने ओलं! मला स्पर्शच कळेना. तिने पुन्हा टेकलं. काही नाही. घड्याळाचे काटे जवळ येत होते. तिने घाईघाईने बोट पदराला पुसलं, आणि शब्द उमटला.

"आई, मी आहे. तुम्ही म्हणा."

ताई पुढे आल्या. अमिषा आता माझ्याकडे बघतच नव्हती, सासूच्या गळ्याकडे बघत होती. श्वास भरला की बोट टेकायचं, तान लांबली की बोट तसंच हवेत. पुस्तकं गिळणारी ती मुलगी एकेका शब्दासाठी ताटकळत होती. वेळ अपुरा पडतोय म्हटल्यावर ताईंनी चिपळी किंचित हलवली. हे लांब पद गाळ, अशी ती खूण होती. अमिषाला ती बरोबर कळली. डोहाळे सरले, प्रसववेळा आली. लोकांनी गुलाल आणि फुलं मुठीत घेतली.

काट्याला काटा भिडला. माझ्या काचेवर 'जन्मला' हा शब्द आला, आणि ताईंचा आवाज थेट कळसाला जाऊन लागला! घंटा, गुलाल, फुलं. मीही गुलालाने लाल झालो.

सुंठवडा वाटताना हरेश्वरभाऊंनी ताईंच्या ओटीत नारळ ठेवला. "पुढल्या साली बी तुमीच." मग अमिषाकडे वळून म्हणाले, "आन सूनबाय, तू सुट्टीचा अर्ज आत्ताच टाकून ठेव!"

मित्रांनो, जुनी झाली म्हणून कुठलीही वस्तू टाकण्याआधी घरात जरा विचारून बघा, ती कुणाच्या कामाची आहे का. आणि वाचा, खुशाल वेगाने वाचा. पण एखादं म्हातारं माणूस तुमच्यासमोर बोलता बोलता थांबलं, त्याला पुढचा शब्द सापडेना, तर घाईने त्याचं वाक्य पुरं करू नका. सासूच्या श्वासाची वाट पाहत बोट हवेत धरून बसलेल्या अमिषाची तेव्हा आठवण ठेवा.