एकेचाळीस चुका

मी मानवतच्या टायपिंग क्लासमधली फ्लॉपी बोलतेय. हो, तीच काळी, चौकोनी, पापडासारखी पातळ. नाकं मुरडू नका. १९९३ साली माझ्यावाचून तिथला एकुलता एक कॉम्प्युटर नुसता बसून असायचा.

माझ्या पोटात बाराखडी शिकवणारा प्रोग्रॅम होता. परभणीच्या लिंगराज मास्तरांनी तो लिहिला आणि फुकट वाटला, तोही आतलं सगळं लिखाण कुणालाही दिसेल असं उघडं ठेवून. "बघा, बदला, पुढं द्या," म्हणायचे. दर महिन्याला मला मागवून घ्यायचे, दुरुस्त्या करून परत पाठवायचे.

क्लास चालवणारा नागनाथ भर दुपारी, खोली रिकामी असताना, एका बाईंना शिकवायचा. या धुरपताबाई. वय पन्नाशीचं, गल्लीत मोठा मान. दर श्रावणात बायका जमवून पोथी वाचायच्या. वाचायच्या कसल्या! सगळी तोंडपाठ होती, अक्षर एक येत नव्हतं, पान अंदाजानं उलटायचं. एकदा तरी खरंखुरं वाचायचं, एवढीच त्यांची हौस.

एक दिवस प्रोग्रॅममधलं चित्र बदलायला नागनाथनं आतलं लिखाण उघडलं आणि दचकलाच. "काकू, ह्यो तर तुमच्या चुका मोजायलाय! नावानिशी!"

पडद्यावर यादी आली. धुरपताबाई: 'ध' एकेचाळीस वेळा चुकला. स्वतःच्याच नावाचं पहिलं अक्षर! अगं बाई, मी शरमेनं मेले. महिनोन्‌महिने मीच त्यांची चहाडी परभणीला पोचवत होते.

आणि रविवारी गावात साक्षरतेची सभा होती. कोण किती शिकलं ते मास्तर नावं घेऊन सांगणार होते, आणि समोर बसणार होत्या पोथी ऐकणाऱ्या त्याच बायका.

"आता तोंड कुठं लपवू रे?" बाईंनी डोळे पुसले. मग त्यांनी मला पिशवीत कोंबलं आणि नागनाथला घेऊन परभणीची एसटी धरली.

"काकू, कोणतं अक्षर जड जातं ते मला कळावं, म्हणून..." मास्तर चाचरले.

"मंग अक्षराचं लिव्हा की! माझं नाव कशापायी? आन मला इचारलं का?"

फुकट दिलं म्हणजे विचारायला नको, असं भल्या माणसांनाही वाटतं, काय करायचं! पण मास्तर गडी सरळ. त्यांनी कान धरले. माझ्यातली यादी पुसली, स्वतःकडची पुसली, सभेत कुणाचंच नाव घेणार नाही म्हणाले, आणि प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच एक प्रश्न घातला. परतताना पिशवीत मला कसं मोकळं मोकळं वाटलं!

दुसऱ्या दिवशी पडद्यावर तो प्रश्न उमटला. नागनाथ वाचून दाखवायला वाकला, तर बाईंनी त्याला हातानंच थांबवलं. अक्षरावर बोट ठेवत म्हणाल्या, "तु...म...ची नों...द ठेवू का?" जन्मात पहिल्यांदा वाचलेलं अख्खं वाक्य!

"न्हाई!" म्हणत त्यांनी 'न'च्या बटणावर असं बोट हाणलं की टेबल हललं. मग दोघं हसत सुटले.

आता मी ड्रॉवरमध्ये पडून असते. कुणी न विचारता काही लिहू नये, म्हणून नागनाथनं माझ्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावलीय; खाच झाकली की माझ्यावर काही लिहिताच येत नाही. तुम्हीही कुणाचं काही लिहून ठेवाल, तर आधी विचारा, एवढंच मागणं.

त्याच वर्षीच्या श्रावणात क्लासमध्ये डबा द्यायला आलेली नागनाथची आई म्हणाली, "धुरपताबाई यंदा पोथी वाचताना लय अडखळायल्यात. वय झालं बाईचं."

नागनाथनं गालात हसत डबा घेतला. मी तुम्हाला सांगितलं खरं, पण धुरपताबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पहिलं अक्षर तेवढं खरं. ते मला विचारू नका.